पोट भरल्याची खूण

हेमलता घोरपडे एकावन्न वर्षांची झाली तरी पोट भरणं म्हणजे काय ते तिला कधी कळलं नव्हतं.

पोटात अन्न जात नव्हतं असं नाही. पोट तुडुंब व्हायचं, दुखायचं, ब्लाउजची हुकं ताणायची, धाप लागायची. पण ‘आता थांब’ असं आतून कुणी म्हणायचं नाही. ती थांबायची ती दुसऱ्यांकडे बघून. जावेनं हात धुतला की ही उठायची. पंगतीत पाटावरून सगळे उठले की हीही उठायची, आणि उठतानाच मनात पुढच्या जेवणाचा हिशोब सुरू व्हायचा. डब्यात किती चपात्या उरल्यात, फ्रीजमधलं पिठलं कुणी संपवलं तर नसेल, चहाला किती वेळ आहे. झोपेतही तो सुरूच असायचा.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. रुग्णाबरोबर आलेल्या माणसांना जेवणाचे डबे पुरवायचा हेमलताचा व्यवसाय होता. नवरा भास्कर डबे पोचवायचा. तिच्या हाताला चव होती. लोक म्हणायचे, बाई स्वतः खाणारी आहे, म्हणूनच असं रांधते. त्यातलं कौतुक तिला कळायचं आणि टोमणाही.

तिच्या माहेरी सलगरला भिंतीत एक फडताळ होतं. त्यात भाकरी, दूध, शेंगदाण्याचे लाडू असायचे आणि दाराला पितळी कुलूप. हेमलता आणि तिचा धाकटा भाऊ दिगंबर, दोघंही सारखी भुकेली. आई, जिला ती आक्का म्हणत, दिवेलागणीला फडताळ बंद करायची आणि म्हणायची, “हावरट कार्टी. राक्षस जन्माला घातले मी.” दोघा भावंडांनी ती किल्ली किती शोधली! आक्काच्या उशीखाली, कमरेच्या पिशवीत, देव्हाऱ्यात, ज्वारीच्या कणगीत. ती कधीच सापडली नाही. पुढे दिगंबर चोरून खायला शिकला. मोठेपणी तो लग्नाकार्यात नावाला दोन घास घ्यायचा आणि घरी येऊन दार लावून जेवायचा. त्रेचाळिसाव्या वर्षी त्याचं हृदय बंद पडलं, तेव्हा वजन एकशे बासष्ट किलो होतं. स्मशानात कुणीतरी हळूच म्हणालं, खाऊन खाऊन मेला. ते आक्कानं ऐकलं, हेमलतानंही ऐकलं. दोघी त्यावर एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत. दिगंबर गेल्यावर आक्का लेकीकडेच राहायला आली होती. एकोणऐंशी वर्षांची, वाळक्या शेंगेसारखी, पाठीत ताठ.

भूक कमी करणारी इंजेक्शनं घरोघरी पोचून तोवर बारा-पंधरा वर्षं झाली होती. लग्नपत्रिकेवर ‘अर्ध्या ताटाची सोय आहे’ असं छापलेलं असायचं. पंगतीतला आग्रह जवळजवळ संपला होता. जिलेबीचं ताट घेऊन फिरणारा वाढपी आता नुसता विचारून पुढे जायचा. हेमलतानंही ती इंजेक्शनं घेऊन पाहिली होती. आठवडाभर मळमळ, उलट्या. चार महिन्यांत सोडली आणि भूक व्याजासकट परत आली.

मग नव्या संशोधन केंद्रातल्या डॉ. निलोफर मुजावर यांनी तिला बोलावलं. त्या मिरजेतच वाढलेल्या, चाळिशीतल्या, हसऱ्या बाई. इंजेक्शनं सोडलेल्यांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या हेमलताच्या रक्ताचा अहवाल त्यांनी समोर ठेवला आणि म्हणाल्या, “घोरपडेबाई, तुमचं औषध तुमच्या आडनावातच होतं की!”

“म्हणजे?”

“सांगते. तुम्ही जेवता. अन्न आतड्यात उतरलं की तिथल्या काही पेशी रक्तात एक निरोप सोडतात. निरोप मेंदूला सांगतो, पोचलं, पुरे. जठराला सांगतो, सावकाश सोड, घाई नको. पण हा निरोप्या फार अल्पायुषी. दोन-चार मिनिटांत शरीरातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे तुकडे करून टाकतं. आता, अमेरिकेच्या वाळवंटात एक विषारी सरडा आहे. घोरपडीचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. वर्षातून मोजून पाच-दहा वेळा जेवतो. त्याच्या लाळेत शास्त्रज्ञांना जवळपास असाच निरोप सापडला, पण सहजासहजी न तुटणारा. त्या धाग्यावरून पुढची सगळी औषधं निघाली.”

हेमलता बघतच राहिली. कुठल्या वाळवंटातल्या मुक्या जनावराची लाळ, आणि तिच्यात माणसाच्या पोटाची भाषा!

“पण तुमची गोष्ट थोडी वेगळी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “मेंदूत ‘थांब’ म्हणणारं एक दार असतं. तुमचं ते दार जन्मापासून अर्धं बंद आहे. जनुकात एका अक्षराची चूक आहे, बस. तीनशे-चारशे माणसांत एखाद्यात अशी चूक सापडते. आम्ही तुमच्याच आतड्यातल्या पेशी वाढवून एका कुपीत भरणार. चिंचोक्याएवढी कुपी, दंडाच्या कातडीखाली बसेल. आतल्या पेशी रक्ताची चव घेत बसतील. जेवण आलं की निरोप सोडतील, नसेल तेव्हा गप्प राहतील. आणि तो निरोप मेंदूत दुसऱ्या दारानं शिरेल.”

हेमलतानं बाकी सगळं बाजूला सारून एवढंच विचारलं, “म्हणजे मी हावरट नाही?”

“चष्मा लागलेल्या माणसाला आपण म्हणतो का, तू मुद्दाम दिसत नसल्याचं सोंग करतोस?”

“माझा भाऊ होता...” ती म्हणाली. डॉक्टरांनी टेबलावरचं पाणी तिच्याकडे सरकवलं.

घरी आल्यावर तिनं ते भास्करला सांगितलं. आक्का कोपऱ्यात लसूण सोलत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “भूक मारायला यंत्र? आमी तर नुसत्या मनानं मारली.”

हेमलताच्या डोक्यात तिडीक गेली. “तू मनानं नाही मारलीस आक्का. तू फडताळाला कुलूप मारलंस.”

आक्काचा हात थांबला. मग ती पुन्हा लसूण सोलायला लागली.

कुपी बसवायला वीस मिनिटंही लागली नाहीत. सुरुवातीला तिच्यातल्या थोड्याच पेशी जाग्या ठेवल्या होत्या. दर महिन्याला एक गोळी घ्यायची, तिनं आणखी थोड्या जाग्या होणार. पहिले पंधरा दिवस हेमलताला नको नको झालं. तिचं जठर सावकाश चालायला लागलं होतं आणि हाताला मात्र जुनाच वेग होता. चार घास जास्त गेले की तोंडाला पाणी सुटायचं, आंबट-करपट ढेकर यायचे. कढईत मोहरी तडतडली की पोटात ढवळायचं. डबेवाल्या बाईला फोडणीचाच वास सोसेना! ती तोंडाला ओला पदर बांधून उभी राहायची. पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही. केंद्रातली आहाराची ताई रोज फोनवर यायची. तळलेलं थोडे दिवस बंद ठेवा, ताटाऐवजी वाटीत घ्या, आधी डाळ-अंडं-दही आणि मग भाकरी, घोट-घोट पाणी दिवसभर, घास चावून होईपर्यंत दुसरा उचलू नका. हेमलता शाळेतल्या पोरीसारखी सगळं वहीत उतरवून घ्यायची. हळूहळू मळमळ ओसरली. जिरं भाजल्याचा वास आधी सुसह्य झाला, मग मोहरीचा, लसणाचा सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी डबे गेल्यावर ती जेवायला बसली. भाकरी, पिठलं, कांदा. अर्धी भाकरी झाली आणि तिचा हात ताटाजवळच थांबला. घास मोडलेला होता, उचलायचा राहिला होता. तिला कळेना काय झालं. दुखत नव्हतं, मळमळत नव्हतं. आत काहीतरी सावकाश मिटत गेल्यासारखं वाटलं. ती घाबरली. लकवा मारला की काय म्हणून तिनं बोटं हलवून बघितली. बोटं हलत होती.

“अहो!” तिनं हाक मारली. “अहो, इकडे या जरा.”

भास्कर धावत आला. “काय होतंय? छातीत दुखतंय?”

“नाही. मला खावंसं वाटत नाहीये.”

“बरं वाटत नाही का?”

“बरं वाटतंय,” ती म्हणाली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. “अहो, पोट भरलंय माझं. हे असं असतं? तुम्हाला रोज असं होतं? दोन्ही वेळेला?”

 भास्कर तिच्याशेजारी जमिनीवर बसला. रोज दोनदा होणारी गोष्ट. त्याचं त्याला कधी नवल वाटलं नव्हतं.

आणि मग ती शांतता. डोक्यातला हिशोब थांबला होता. हेमलताला वाटलं, पन्नास वर्षं घराशेजारी गिरणी चालू होती आणि कुणीतरी पट्टा काढला. तिला गल्लीच्या टोकाच्या कारखान्यातून तंबोऱ्याच्या तारा जुळवल्याचा आवाज ऐकू आला. सतरा वर्षं ती त्या गल्लीत राहत होती. तो आवाज रोजच येत असणार.

पण सगळंच सुखाचं झालं नाही. एरवी रांधताना भूकच तिला सांगायची, इथं चिमूटभर मीठ, तिथं गूळ. आता जीभ होती पण ओढ नव्हती. आमटी दोनदा खारट झाली, एकदा अळणी. एका रुग्णाच्या भावानं डबा परत पाठवला. हेमलतानं मग चमचे मोजून, लिहून ठेवून रांधायला सुरुवात केली. चव परत आली, पण कारागिरासारखी, मापानं. रविवारी दोघं स्टेशन रोडला वडे खायला जायची, तेही आता जमेना. एकदा गेली तर ती एका वड्यावर थांबली. भास्करनं दुसरा अर्धा खाऊन ठेवून दिला. “तू खात नसलीस तर मला गोड लागत नाही,” तो म्हणाला. रागावला नव्हता, ओशाळला होता. तेव्हापासून ती दोघं रविवारी कृष्णाघाटाकडे चालायला जायला लागली. बोलायला विषय शोधावे लागायचे. सुरुवातीला सापडत नसत.

पाचव्या महिन्यात कणकेची परात उचलताना तिचे हात थरथरले आणि ती परातीसकट खाली बसली. वजन एकवीस किलो उतरलं होतं, पण चरबीबरोबर स्नायूही उतरले होते. डॉक्टर मुजावर रागावल्या. “भूक लागत नाही म्हणून जेवण टाळताय ना? कुपी ‘पुरे’ सांगते. ‘जेव’ सांगायचं काम आता तुमचं आहे. वेळ झाली की खायचं. आणि पिठाचे डबे उचला रोज, मोजून.” पुढच्या महिन्याची गोळी त्यांनी लांबवली. हेमलता घड्याळ लावून जेवायला लागली. जिला घड्याळाकडे बघून भूक आवरावी लागायची, तीच आता घड्याळाकडे बघून अंडं उकडत होती. दोन महिन्यांत परात पुन्हा उचलता आली.

त्याच सुमारास डॉक्टरांनी विचारलं, “ही चूक तुमच्याकडे आई-वडिलांपैकी एकाकडून आली असणार. आईचं रक्त तपासू?”

“बाबांकडूनच असेल,” हेमलता म्हणाली. “ते धिप्पाड होते. आक्का तर काडी आहे. तिला भूक म्हणजे काय ते माहीतच नाही.”

तरी आक्कानं निमूटपणे हात पुढे केला आणि रक्त दिलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. डॉक्टरांनी तो दोनदा तपासून घेतला होता. तेच जनुक, तेच अक्षर, तीच चूक. आक्काच्या रक्तात.

“शक्यच नाही,” हेमलता म्हणाली. “ती पंचेचाळीस किलोच्या वर कधी गेली नाही.”

“होतं असं,” डॉक्टर म्हणाल्या. “चूक भुकेची असते, अन्न मिळायलाही हवं ना. दिवसभर शेतात राबायचं, घरात बेताचं, सगळ्यात शेवटी बसायचं... वजन वाढणार कशानं? पण भूक तेवढीच असते बाई. तुमच्याएवढीच.”

हेमलता घरी आली. आक्का अंगणात उन्हाला बसली होती. हेमलता तिच्यासमोर पायरीवर बसली.

“आक्का, तुला भूक लागायची?”

आक्कानं तिच्याकडे बघितलं. “आता हे काय विचारतीस?”

“जेवून उठल्यावर लागायची का? लगेच?”

आक्कानं बोटानं अंगणातली माती सारली. मग म्हणाली, “जेवताना बी लागायची.”

“मग कधी बोलली का नाहीस?”

“कुणाला बोलायचं? मला वाटायचं समद्या बायकास्नी असंच होत असंल. बाईला भूक विचारतंय कोण? तुमी जेवलासा, तुझा बा जेवला, की भांड्याला खरवड असायची. ती खायची, वर तांब्याभर पाणी, आन पदर आवळून बांधायचा पोटावर. आवळला की जरा गप बसतंय.”

“आणि कुलूप?” हेमलतानं विचारलं. “किल्ली कुठं ठेवायचीस गं? आम्ही किती शोधली.”

“माझ्याकडं कुठं असायची?” आक्का म्हणाली. “दिवेलागणीला शेजारच्या गुरवाच्या काशीला देऊन यायची. सकाळी मागून आणायची. तिला सांगितलं हुतं, मी रात्री येऊन पाया पडले तरी देऊ नगंस.” तिचा आवाज बारीक झाला. “एकदा पडले हुते पाया. नाही दिली तिनं.”

 सगळी वर्षं ते कुलूप हेमलताला आपल्याविरुद्ध वाटत आलं होतं.

“तुमच्यासाठी सकाळी दूध-भाकरी उरावी, एवढंच,” आक्का म्हणाली. “माझा माझ्यावर भरवसा न्हवता. आन दिगूला... दिगूला मी राक्षस म्हणायची. माझंच पोट त्याच्यात बघायची नि म्हणायची.”

त्यावर दोघीही खूप रडल्या, एकमेकींना न धरता, आपापल्या जागी बसून. मग हेमलता उठली आणि आईच्या शेजारी जाऊन बसली.

डॉक्टरांना हे कळलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. कुपी आक्कांसाठी नाही, त्या म्हणाल्या. या वयात आणि या वजनात अंगातली ताकद जाईल, धोका नको. पण एक गोष्ट होती. अभ्यासाचा भाग म्हणून त्या एक चाचणी करू शकत होत्या. शरीरात बनतो तोच निरोप नळीतून थेंबथेंब द्यायचा, फक्त तासभर, जेवताना. नळी काढली की काही मिनिटांत तो विरून जातो. मळमळलं तर लगेच थांबवायचं.

“तासाभरानं पुन्हा भूक येईल, आक्का,” डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. “कायमचा फायदा काही नाही. नको वाटलं तर नको.”

“मला बघायचंय,” आक्का म्हणाली. “माझ्या लेकीला दिसलं ते मला बी बघायचंय.” आणि कागदावर तिनं स्वतः सही केली, एकेक अक्षर कोरून.

ठरल्या दिवशी सकाळी हेमलता चारलाच उठली. चमचे तिनं मोजले नाहीत. बाजरीच्या भाकरी, भरलं वांगं, हरभऱ्याची आमटी, दही, शेंगदाण्याची चटणी, थोडा भात. केंद्रातल्या खोलीत खिडकीशी टेबल लावलं होतं. आक्काच्या डाव्या हाताला नळी होती. भास्कर दाराशी उभा राहिला. डॉक्टरांनी थेंब सुरू केले आणि वीस मिनिटांनी म्हणाल्या, “आता सावकाश जेवा.”

आक्का पहिल्यांदाच सगळ्यांच्या आधी जेवायला बसली होती. तिला ते अवघड जात होतं. “तुमी?” तिनं विचारलं. “आम्ही नंतर,” हेमलता म्हणाली.

आक्का जेवू लागली. घाईनं, मान खाली घालून, कुणी ताट ओढून घेईल असं. एक भाकरी संपली. हेमलतानं दुसरी वाढली. आमटीत चुरून आक्कानं चार घास घेतले. पाचवा घास तोंडात गेला आणि चावताना तिचा जबडा मंदावला. तिनं घास गिळला. मग ती नुसती बसून राहिली. तिचा उजवा हात हळूच पोटावर गेला, पदराच्या गाठीपाशी, आणि ती गाठ तिनं सैल केली.

“मळमळतंय का?” डॉक्टरांनी पुढे होऊन विचारलं.

आक्कानं मान हलवली. नाही. तिचे डोळे खिडकीबाहेर होते, पण ती तिकडे काही बघत नव्हती. कुठलीशी लांबची हाक ऐकावी तसा चेहरा झाला होता.

“गप झालं,” ती शेवटी म्हणाली. “आगं हेमा, गप झालं की गं.”

 यंत्रात थेंब पडत होते. कपाळावरच्या आठ्या एकेक करून सुटल्यावर आक्काचा चेहरा किती वेगळा दिसतो, हे हेमलता पहिल्यांदा बघत होती.

थोड्या वेळानं तिनं ताट उचलायला हात पुढे केला. आक्कानं तिचं मनगट धरलं.

“राहू दे.”

“अजून खायचंय?”

“नगं.” आक्का ताटाकडे बघत होती. पाऊण भाकरी होती, वांग्याची एक फोड, वाटीत तळाला आमटी. एकोणऐंशी वर्षांत तिच्या ताटात तिच्या मनानं कधी काही उरलं नव्हतं. “राहू दे तसंच,” ती म्हणाली. “जरा बघू दे मला.”